हळदीचे डाग पडलेली पुस्तकं बाद करू नका : नाशिकच्या ग्रंथालयांना खुलं पत्र

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या ग्रंथालयांचे विश्वस्त, कार्यकारिणी सदस्य आणि ग्रंथपाल यांस,

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची, लहानपणापासून वाचनालयात वाढलेली एक वाचक. पुस्तकांची मोजदाद झाली की निर्लेखनाच्या, म्हणजे बाद करायच्या पुस्तकांच्या, याद्या निघतात, हे मला ठाऊक आहे. जागा अपुरी, कपाटं भरलेली, त्यामुळे काही पुस्तकं काढावीच लागतात. माझी तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार आहे ती या यादीत सगळ्यात आधी कुणाचा नंबर लागतो याबद्दल. पाककृतींची पुस्तकं सगळ्यात आधी जातात. शिवण सुटलेली, पानं तेलकट, कोपरे दुमडलेले, कुठे हळद, कुठे चिंचेच्या कोळाचा शिंतोडा. पुस्तक वापरलं गेल्याच्या या खुणा, आणि नेमक्या त्यांच्यावरूनच ते बाद ठरतं. कादंबरीची चांगली प्रत कपाटात बसून राहते आणि घरोघरी जाऊन आलेलं हे पुस्तक किलोच्या भावानं रद्दीत जातं.

अशाच एका ढिगातून मी एक पुस्तक उचललं. कुठल्या वाचनालयाचं ते इथे सांगत नाही, कारण हे कुणा एकाचं दुखणं नाही. कुणीतरी घरातलं पुस्तक भेट दिलेलं होतं. आत कुरडईच्या कृतीशेजारी शिसपेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलंय : "आपल्याकडे उन्हाळा कडक, तिसऱ्या दिवशी पाणी दोनदा बदलावे. नाहीतर आंबूस वास." खाली वेगळ्या अक्षरात, निळ्या शाईनं : "चीक चकाकला की उतरवा, जास्त नको." म्हणजे निदान दोन बायकांनी, बहुधा दोन पिढ्यांनी, त्या छापील कृतीशी वाद घातला होता. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो मीठ-हिंग घालून शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून घालायचा, एवढं कुठल्याही पुस्तकात मिळेल. पण नाशिकच्या एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी काय होतं, ते फक्त त्या समासात लिहिलेलं होतं. ते रद्दीवाल्याकडे गेलं असतं तर गेलंच होतं.

माझी विनंती अशी की पाककृतींची पुस्तकं, समासातल्या नोंदींसकट, दस्तऐवज म्हणून जपा. आणि छापील पुस्तकांवरच थांबू नका. घराघरातल्या पाककृतींच्या वह्या स्वीकारा. हे म्हणणं भाबडं वाटू नये म्हणून एका बाईंची गोष्ट जरा सविस्तर सांगते. त्या आपल्याकडच्या नाहीत, पण त्यांच्या बाबतीत ग्रंथालयांनी जे केलं, ते आपण इथे करू शकतो.

ज्युलिया चाइल्ड हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. अमेरिकेत टीव्हीवरून स्वयंपाक शिकवणाऱ्यांचं नाव निघालं की त्यांच्यापासून सुरुवात होते. जन्म १५ ऑगस्ट १९१२ चा, कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावचा. घर सुखवस्तू, स्वयंपाकाला बाई. ज्युलियाबाईंना तरुणपणी स्वयंपाक येत नव्हता, आणि हे त्या मोकळेपणानं सांगत. उंची सहा फूट दोन इंच, आवाज चढा आणि थोडा कापरा. पडद्यावर जमेल असं त्यांच्याकडे पाहून कुणाला वाटलं नसतं.

दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकेच्या गुप्तवार्ता खात्यात दाखल झाल्या. १९४४ मध्ये त्यांची नेमणूक सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत कँडीला झाली. तिथे त्यांचं काम काय होतं, ते ग्रंथपालांनी आवर्जून वाचावं. त्या नोंदणी विभाग सांभाळत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या गोपनीय कागदांची वर्गवारी, नोंद, जपणूक. पुढे पाककृतींच्या बाबतीत त्यांनी जी चिकाटी दाखवली, तिचं मूळ मला त्या फायलींत दिसतं. तिथेच पॉल चाइल्ड भेटले. १९४६ मध्ये लग्न झालं, आणि पॉल यांच्या सरकारी नोकरीमुळे १९४८ च्या अखेरीस दोघं फ्रान्सला गेले.

१९४९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ज्युलियाबाईंनी पॅरिसच्या 'ल कॉर्दों ब्ल' या पाकशाळेत नाव घातलं. आपल्याकडे या वयात बाईला नवं काही शिकायचं म्हटलं की घरचेच विचारतात, आता कशाला? त्यांनी ते मन लावून केलं. पुढे सिमोन बेक आणि लुईझेत बेर्थोल या दोन फ्रेंच मैत्रिणींबरोबर शिकवण्या सुरू केल्या आणि अमेरिकी बायकांसाठी फ्रेंच स्वयंपाकाचं पुस्तक लिहायला घेतलं. त्या पुस्तकाला दशकभर लागलं. मध्ये पॉल यांच्या बदल्या होत राहिल्या : मार्सेय, मग जर्मनी, मग नॉर्वे. दर ठिकाणी नवं घर, नवी चूल, नवा बाजार. सहलेखिकेशी पत्रांतून चर्चा व्हायची. फ्रान्सचा मैदा वेगळा, अमेरिकेचा वेगळा, म्हणून अमेरिकी पीठ मागवून कृती पुन्हा करून पाहायच्या. चूक कुठे होते ते शोधायचं, कागदावर उतरवायचं, पुन्हा टाइप करायचं.

याच काळात एक पत्रव्यवहार सुरू झाला, आणि माझ्या म्हणण्याचा गाभा त्यातच आहे. बर्नार्ड डिव्होटो या अमेरिकी लेखकांनी एका मासिकात तक्रार केली होती की हल्लीच्या स्टेनलेस स्टीलच्या सुऱ्यांना धार राहत नाही. ज्युलियाबाईंना ते इतकं पटलं की त्यांनी पॅरिसहून त्यांना पत्र लिहिलं आणि सोबत एक छोटी फ्रेंच सुरी पाठवली. उत्तर आलं ते त्यांच्या पत्नीचं, एव्हिस डिव्होटो यांचं. १९५२ ची ही गोष्ट. त्यातून वर्षानुवर्षं टिकणारी मैत्री झाली. भाज्या, भांडी, राजकारण, नवऱ्यांच्या नोकऱ्या, सगळं त्या पत्रांत. पुस्तकाचं हस्तलिखित पहिल्या प्रकाशकानं नाकारलं, तेव्हा ते नॉफ या प्रकाशनसंस्थेपर्यंत पोचवलं ते एव्हिस यांनी. तिथल्या तरुण संपादक ज्युडिथ जोन्स यांनी ते वाचलं, करून पाहिलं, आणि १९६१ मध्ये 'मास्टरिंग द आर्ट ऑफ फ्रेंच कुकिंग' बाहेर आलं. सातशेहून जास्त पानं. त्यातली मांडणी मला फार हुशारीची वाटते : डाव्या रकान्यात जिन्नस आणि उजवीकडे त्याच ओळीत ते वापरायची पायरी. हाताला पीठ लागलेल्या बाईला पान मागं उलटावं लागू नये, एवढा विचार केलेला.

ती पत्रं आज कुठे आहेत? हार्वर्ड विद्यापीठाच्या रॅडक्लिफ संस्थेत श्लेसिंजर ग्रंथालय आहे, खास अमेरिकेतल्या स्त्रियांचा इतिहास जपणारं. ज्युलियाबाईंचे कागद आणि एव्हिस यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार तिथे आहे. मताधिकारासाठी लढलेल्या स्त्रियांची कागदपत्रं ज्या छपराखाली, त्याच छपराखाली पाककृतींच्या पुस्तकांचा मोठा संग्रह. स्वयंपाकाची पुस्तकं स्त्रियांच्या इतिहासाची साधनं आहेत, असं तिथल्या ग्रंथपालांनी ठरवलं आणि जागा दिली. २०१० मध्ये त्या पत्रांचं पुस्तक निघालं, कारण पत्रं शाबूत होती.

आता टीव्हीकडे वळते. १९६२ मध्ये बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या शैक्षणिक वाहिनीवर पुस्तकांवर गप्पा मारायच्या एका कार्यक्रमात त्यांना बोलावलं होतं. त्या जाताना विजेची शेगडी, तवा आणि अंडी घेऊन गेल्या आणि तिथेच ऑम्लेट करून दाखवलं. प्रेक्षकांची पत्रं आली, या बाईंना पुन्हा बोलवा. ११ फेब्रुवारी १९६३ पासून 'द फ्रेंच शेफ' सुरू झाला. तेव्हा ज्युलियाबाई पन्नाशीच्या होत्या. वाहिनीचा स्टुडिओ आगीत जळालेला, म्हणून सुरुवातीचं चित्रण वीज कंपनीच्या प्रात्यक्षिकांच्या स्वयंपाकघरात व्हायचं. संकलन महाग, त्यामुळे अर्ध्या तासाचा भाग जवळपास सलग, न थांबता. सांडलं तर सांडलेलं दिसायचं.

एका भागात त्या बटाट्याचा जाडसर थर तव्यावर उलटायला जातात आणि त्यातला काही शेगडीवर पडतो. त्या तो उचलून परत तव्यात ठेवतात आणि सांगतात की उलटताना हात कचरला, म्हणून असं झालं. आणि स्वयंपाकघरात तुम्ही एकट्याच असाल तर बघतंय कोण? यावरून पुढे अमेरिकाभर वदंता पसरली की बाईंनी अख्खी कोंबडी जमिनीवर पाडली आणि उचलून वाढली. तसं घडलेलं नाही. हे आज खात्रीनं सांगता येतं, कारण ते चित्रण जपलेलं आहे. कुणीही काढून पाहावं. जपलेला पुरावा नसता तर ती कोंबडीच इतिहास झाली असती. आपल्याकडे जुन्या सुगरणींबद्दल ज्या कथा चालतात, त्यातल्या किती खऱ्या, किती वाढवलेल्या, ते पडताळायला आपल्या हाताशी काय आहे, याचा विचार करा.

२००१ मध्ये बॉस्टनजवळच्या केंब्रिज शहरातलं घर सोडताना त्यांनी आपलं स्वयंपाकघर स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयाला दिलं. ओटा त्यांच्या उंचीला सोसेल असा नेहमीपेक्षा दोन इंच वर उचललेला. भिंतीवरच्या भोकांच्या फळीवर प्रत्येक भांड्याभोवती रेघ काढलेली, म्हणजे कढई कुठे आणि पातेलं कुठे टांगायचं ते मदतीला आलेल्या माणसालाही कळावं. ती आखणी पॉल यांची. संग्रहालयानं ते सगळं चमच्या-डावांसकट नोंदवून जसंच्या तसं मांडलं. २००४ मध्ये, ब्याण्णवावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ज्युलियाबाई गेल्या.

कुणी म्हणेल, अमेरिकेकडे पैसा आहे. आहे. पण पत्रांचा गठ्ठा कपाटात ठेवायला पैशापेक्षा आधी ते ठेवण्याजोगं वाटावं लागतं.

आणि आपल्याकडे माणसं कमी पडलेली नाहीत. मराठीत छापील पाकपुस्तकांची वाट जुनी आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' १८७५ चं. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० मध्ये 'गृहिणीमित्र' लिहिलं, हजार पाककृतींचं. पुण्यात जन्मलेल्या तरला दलाल यांनी १९६६ मध्ये मुंबईत राहत्या घरी वर्ग सुरू केले, १९७४ मध्ये पहिलं पुस्तक काढलं, मग शंभराहून जास्त पुस्तकं लिहिली, टीव्हीवर घराघरात पोचल्या आणि २००७ मध्ये पद्मश्री मिळवली. त्यांची पुस्तकं मराठीतही आली, आणि आपल्या देवघेव विभागात ती सतत बाहेर असायची, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

कमलाबाई ओगल्यांबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलू द्या. १९१३ चा जन्म, सांगली जिल्ह्यातलं कुंडल हे गाव, शाळा चौथीपर्यंत. स्वयंपाक शिकल्या सासूबाईंच्या हाताखाली. १९७० मध्ये 'रुचिरा' आलं. त्यात ग्रॅम नाही, औंस नाही. वाटी आणि चमचा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात असलेलं माप. नव्या नवरीला, पहिल्यांदा खोली करून राहणाऱ्या मुलाला, परदेशी गेलेल्या लेकीला हे पुस्तक दिलं गेलं. चौथी शिकलेल्या बाईनं लाखो घरांना तंत्रशुद्ध सूचना लिहायला आणि वाचायला शिकवलं. मराठी गद्याच्या इतिहासात तिला एक परिच्छेद तरी मिळावा की नाही? ज्युलियाबाईंनी डावा-उजवा रकाना केला तो ज्या विचारानं, तोच विचार कमलाबाईंच्या वाटी-चमच्यात आहे. १९७० च्या सुमाराची 'रुचिरा'ची एखादी प्रत तुमच्यापैकी कुणाच्या कपाटात असेल, तर ती देवघेवीतून काढून संदर्भ विभागात ठेवा. डाग पडलेली असेल तर आधी ठेवा.

आता नाशिकचं. १८४० पासून वाचनालय असलेलं हे शहर. २०२१ मध्ये मराठी साहित्य संमेलन इथे भरलं. पुस्तकं कशी जपावीत हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपल्या जिल्ह्याच्या ताटातलं किती लिहून ठेवलंय? मिसळ म्हटली की चार लोक व्हिडिओ घेऊन येतात, ते ठीक आहे. त्या मिसळीला जो रंग आणि वास येतो त्या काळ्या मसाल्याचं प्रमाण घरागणिक वेगळं. कुणी दगडफूल सढळ घालतं, कुणी कांदा उन्हात वाळवून मग तळतं, कुणी खोबरं चुलीत थेट भाजतं. उन्हाळ्यात डंक्यावर रांगेत बसलेल्या बायकांना विचारा, प्रत्येकीच्या पिशवीत एक चिठ्ठी असते. ती चिठ्ठी मसाला कुटून झाला की हरवते. पुढच्या वर्षी आठवणीतून पुन्हा लिहिली जाते, आणि आठवणारी बाई गेली की लिहिली जात नाही.

सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या भागात तर चिठ्ठीही नाही. नागलीची (नाचणीची) भाकरी, नागलीचे पापड, वरईचा भात, पावसाळ्याच्या तोंडाशी येणाऱ्या रानभाज्या : शेवळं, कुर्डू, भोकराची पानं. शेवळं नीट न शिजवता खाल्ली तर घसा खाजतो. त्यासाठी काय आंबट घालायचं आणि कधी, हे कोकणा, वारली, महादेव कोळी घरांतल्या बायकांना नेमकं माहीत असतं. रानभाजी महोत्सव भरतात, फोटो निघतात, अधिकारी चव घेतात. महोत्सव उठला की त्या बाईचं ज्ञान तिच्याबरोबर एसटीनं परत जातं. नोंद कुठेच होत नाही. ज्युलियाबाईंची गोष्ट इथे मला फार उपयोगाची वाटते, कारण कृती कागदावर आली तरी हात कसा फिरतो ते टीव्हीमुळे टिकलं. नागलीचं पीठ गरम पाण्यात किती वेळ मळायचं, भाकरी थापताना कडा चिरू नये म्हणून बोटं कशी ओली करायची, हे लिहून पुरेसं कळत नाही. आज साध्या मोबाइलवर ते टिपता येतं. फक्त ते यूट्यूबवर सोडून चालणार नाही. कुणी, कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात, कुठल्या बोलीत सांगितलं, याची नोंद आणि दाखल क्रमांक हवा. ते काम ग्रंथालयाचं.

करायचं काय, तेही सांगते, कारण नुसत्या भावनेनं काम पुढे जात नाही. निर्लेखनाच्या यादीतून पाककृतींची पुस्तकं वेगळी काढा आणि प्रत्येक शीर्षकाची एक प्रत, शक्यतो समासात लिहिलेली, संदर्भात ठेवा. पुस्तकांच्या वर्गीकरणाच्या ड्युई पद्धतीत त्यांचा क्रमांक ६४१.५ आहे, त्या क्रमांकावर जा आणि एकदा कपाट डोळ्याखालून घाला, जे दिसेल त्यानं तुम्हीच थांबाल. घरगुती वह्यांसाठी एक लोखंडी कपाट पुरेल. वही कायमची द्यायला घरच्यांचं मन होत नसेल तर स्कॅन करून परत करा. वहीवाल्या बाईचं नाव, गाव, साल त्यांच्या संमतीनं लिहा, आणि ते नाव यादीत लेखक म्हणून लिहा. 'संकलन' म्हणून नको. नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांना प्रकल्प हवे असतात. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर चार दिवस राहून दहा कृतींची नीट नोंद, हा प्रकल्प कुठल्याही तक्त्यापेक्षा मोलाचा ठरेल.

एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, तोही विचारात घेते. लोक म्हणतात, हवी ती कृती आता मोबाइलवर मिळते, मग पुस्तक आणि वही कशाला? मिळते, पण मोबाइलवरची कृती कुणाची हे बहुतेक वेळा कळत नाही, ती कधीची हे कळत नाही, आणि पुढच्या वर्षी ती तिथे असेलच असं नाही. शिवाय तिथे मिळते ती कृती सगळ्यांसाठी गुळगुळीत केलेली. 'तिसऱ्या दिवशी पाणी दोनदा बदलावे' हे वाक्य तिथे सापडत नाही, कारण ते नाशिकच्या उन्हातून आलेलं आहे.

दुसरा आक्षेप उघड कुणी बोलत नाही, पण यादी करताना हात तिकडेच जातो : हे काय साहित्य आहे का? माझं उत्तर सरळ आहे. ज्या लेखनानं इतक्या घरांत रोजचं काम चाललं, ज्यात अचूक शब्द नसेल तर भात करपतो, ते लेखन कमी दर्जाचं ठरवायचा अधिकार आपल्याला नाही. आणि बहुतेक ते बायकांनी लिहिलंय, म्हणून ते खालच्या कप्प्यात गेलं, असं मला वाटतं. तुम्हाला तसं वाटत नसेल तर कारण सांगा. मी ऐकायला येईन.

माझ्या आईची वही माझ्याकडे आहे. निळ्या पुठ्ठ्याची, शेवटची पानं सुटलेली, मध्ये दिवाळीच्या फराळाचे दर आणि एका लग्नाच्या पंगतीचा हिशेब. ती मी द्यायला तयार आहे, आणि वर सांगितलेलं कुरडईच्या नोंदीचं पुस्तकही. जे ग्रंथालय लेखी कळवेल की ते दाखल करून घेऊ, संदर्भात ठेवू आणि कुणालाही बसून पाहू देऊ, त्याच्याकडे मी स्वतः घेऊन येईन. माझ्या ओळखीच्या आणखी काही घरांत अशा वह्या आहेत, त्यांना विचारून झालंय. त्या बायकांचा प्रश्न एकच आहे : दिली तर परत बघायला मिळेल ना? त्याचं उत्तर तुम्ही द्यायचं आहे. पावसाळ्याआधी मिळालं तर बरं, कारण यातल्या दोन वह्या गळक्या माळ्यावर आहेत.

आपली,
नाशिकची एक वाचक